पाण्याचं वजन

आमच्या चाळीत माणसाची तब्येत नजरेनं मोजायचे, आणि नजरेला दिसायचा तो फक्त जाडपणा. गाल वर आले की तब्येत सुधारली, गळ्याची हाडं दिसली की बिघडली. एवढंच शास्त्र. बाळंतपणाहून आलेली सून असो नाहीतर टायफॉइडमधून उठलेला माणूस, शेजारणी दारातच त्याला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या. माझ्या नवऱ्याचाही निकाल त्यांनी असाच दिला होता. तो साफ चुकीचा होता. पण हे कळायला मलाही वेळ लागला, म्हणून मी त्यांना फार बोलत नाही.

मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा हे पिंपरीच्या एका कंपनीत, फाउंड्रीमध्ये, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या खात्यात होते. बासष्ट साली गावाकडून आले आणि लागले. वाळूचे साचे करायचं काम. साच्याच्या लोखंडी पेट्या दोघांनी मिळून उचलायच्या असतात. हे पुष्कळदा एकटेच उचलायचे आणि जोडीदाराला म्हणायचे, "तू बस रं, बिडी ओढ." अंगानं दणकट, आणि त्याचा त्यांना गर्व होता. मी घरी शिवणकाम करायची. चाळीतल्या बायकांची पोलकी, पोरींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश. त्यामुळे माझी नजर माणसाच्या तोंडाआधी त्याच्या दंडाकडे आणि कमरेकडे जाते. ही खोड अजून गेलेली नाही.

ऐंशी साल लागता लागता ह्यांचं दुखणं निघालं. आधी भूक गेली, मग अंगाला खाज, मग सकाळी तोंड सुजलेलं. चिंचवडच्या डॉक्टरांनी कावीळ म्हणून काही दिवस घालवले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत. डायलिसिस हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. तेव्हा ते मशीन पुण्यात मोजक्याच ठिकाणी होतं. आठवड्यातून दोनदा जायचं, डाव्या हाताच्या शिरेत सुया टोचून घ्यायच्या आणि जवळजवळ अख्खा दिवस पडून राहायचं. रक्त नळीतून बाहेर जायचं आणि धुऊन परत यायचं. लघवी होत नसल्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठायचं, तेही मशीन ओढून काढायचं.

किती पाणी काढायचं हे ठरवायला तिथं एक काटा होता. मशीनवर जाण्याआधी वजन, उतरल्यावर वजन. सगळं जादा पाणी निघून गेल्यावर माणसाचं जे वजन राहायला हवं, त्याला ते लोक कोरडं वजन म्हणायचे. ह्यांचं कोरडं वजन सुरुवातीलाच ठरवून कार्डावर लिहिलं होतं. दर खेपेला तिथवर आणून सोडायचे. काटा त्या आकड्यावर आला की आम्ही खूश. आजारपणाआधी जेवढे भरायचे जवळजवळ तेवढेच हे अजून भरत होते. "वजन कायम आहे," हे वाक्य मी त्या काळात किती जणांना सांगितलं असेल! गावाहून आलेल्या सासूबाईंना सांगितलं, माहेरी सांगितलं, चाळीत तर विचारूच नका. शेजारणी म्हणायच्या, "चेहरा बघा की, किती भरलाय. कोण म्हणेल आजारी आहेत?"

हे वजन आमच्या दृष्टीनं नुसतं कौतुकाचं नव्हतं. मशीनचा खर्च कंपनी करत होती, पण ह्यांचं नाव हजेरीपटावर होतं तोवरच. रजा फार लांबली होती. रजा संपली की कंपनीच्या दवाखान्यात तपासणी होणार होती. तिथले डॉक्टर फिट म्हणाले तर काम मिळेल, हलकंसलकं का होईना. अनफिट म्हणाले तर नाव कमी, आणि नाव कमी झालं की मशीन बंद. मशीन बंद म्हणजे काय, हे आम्ही घरात कुणी बोललो नाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मला पहिल्यांदा शंका आली ती ह्यांचा पायजमा शिवताना. कमरेला नाडी पुरेना, म्हणून मी नवा बेतायला घेतला. टेप लावला तर कंबर वाढलेली आणि मांडी उतरलेली. मी पुन्हा लावला. दंडाला लावला. दंडाचं तर काहीच उरलं नव्हतं, कातडी नुसती लोंबत होती. चेहरा मात्र गोल. हे म्हणाले, "काय सारखी मापं घेतीस? तिरडीची बेतणी चाललीय का?" असली थट्टा त्यांना सुचायची. मला हसू आलं नाही.

मग मी बघत राहिले. आमच्याकडे सगळे खाली पाटावर बसून जेवायचे. हे सवयीनं ताट सरकवून, मांडी मोडून, हात न टेकता उठायचे. आता आधी एक हात टेकायला लागले, मग दोन्ही, मग भिंत. एक दिवस म्हणाले, "मला कॉटवरच दे जेवायला, पंख्याचं वारं लागतं." तिथं पंखा नव्हताच, खिडकी होती. चाळीच्या संडासात जायचे ते फार वेळानं बाहेर यायचे आणि कडीला धरून उभे राहायचे. आत उकिडवं बसलं की उठता येत नव्हतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. शेजारच्या पोरीनं सांगितलं, की काका आतून दारावर थाप मारत होते. रात्री आडवं पडता येईना म्हणून पाठीशी दोन उशा, मग तीन.

काट्यावर मात्र तोच आकडा.

मी एकदा विषय काढला तर माझ्यावर खेकसले. "गप बस. दवाखान्यात एक शब्द बोलायचा नाही. कंपनीच्या कानावर गेलं तर संपलं सगळं." त्यांचं बरोबर होतं, हे मला मान्य करावं लागेल. आकडा बघून कंपनी फिट म्हणणार असेल तर आपण होऊन कशाला सांगा? पण फिट म्हणून त्या भट्टीजवळ उभा केला आणि पेटी उचलायला गेला तर हा माणूस तिथंच बसेल, हेही मला दिसत होतं. आठ दिवस मी ह्या दोन गोष्टी डोक्यात घोळवल्या. शेवटी माझंच डोकं फिरलं, आणि पुढच्या खेपेला हे मशीनवर पडलेले असताना मी डॉक्टरांना बाहेर गाठून सगळं सांगितलं. पायजमा, पाट, उशा, संडास, सगळं.

डॉक्टर तरुण होते, झोप न झाल्यासारखे कायम दिसायचे. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, त्यांनाही शंका येत होतीच. मशीनवरून उतरल्यावर त्यांनी ह्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "हात छातीशी धरा, आणि उठा बघू." हे उठायला गेले. पुढं झुकले, मान वर केली, दात आवळले. नाही उठता आलं. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. फाउंड्रीतली पेटी एकट्यानं उचलणारा माणूस स्टुलावरून उठू शकत नव्हता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. ह्या आजारात भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस पडून राहतो आणि अंगावरचं मांस झडत जातं. जेवढं मांस गेलं तेवढं पाणी त्याच्या जागी साठलं, म्हणून काटा हलला नाही. आता ते पाणी हळूहळू काढायचं, कोरडं वजन खाली आणायचं. आणि दुसरं म्हणजे झोपवून ठेवायचं नाही. उठवायचं, चालवायचं. त्या काळी आजारी माणसाला हलवू नये असंच सगळे मानायचे, त्यामुळे हे ऐकून मला डॉक्टरांचंच वय आठवलं. कंपनीच्या तपासणीचं मी विचारलं. ते म्हणाले, "मी बोलेन तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांशी. नुसत्या वजनावर जाऊ नका म्हणून सांगेन." ह्यांनी ते ऐकलं आणि परतताना बसमध्ये म्हणाले, "डॉक्टर बोलतात सगळे. करत कुणी न्हाई." त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या दोनेक महिन्यांत आमच्या घरात एक माणूस विरघळत गेला म्हणा. दर खेपेला थोडं जास्त पाणी काढायचे. पोटऱ्यांत गोळे यायचे, हे ओरडायचे आणि मी पाय धरून बसायची. चेहऱ्यावरची सूज उतरली तशी खालची हाडं दिसायला लागली. शर्ट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा. चाळीनं आपला निकाल ताबडतोब फिरवला. दारात कुजबुज, मला बघितलं की गप्प. सासूबाईंनी मात्र कुजबुज केली नाही. त्या तोंडावर बोलल्या, "गुटगुटीत ल्येक दिला व्हता तुझ्या ताब्यात. काय क्येलंस त्याचं? मीठ न्हाई, पाणी न्हाई, सुकवून मारतीस व्हय गं त्याला?" त्यांच्या जागी मीही हेच बोलले असते. डॉक्टरांनी अंड्याचा पांढरा भाग द्यायला सांगितला होता, सासूबाई माळकरी, म्हणून मी गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर अंडी उकडायची. त्या वेळी त्या मुद्दाम दार लावून घ्यायच्या.

पण हा वाळलेला माणूस एका उशीवर झोपत होता. मी त्यांना रोज कॉटवरून उठबस करायला लावायची. आधी हात टेकून, मग एका हातानं, मग बिनहाताचं. ते शिव्या द्यायचे. मी शिलाई मशीनवरून मान वर न करता मोजायची. मग चाळीचा जिना. पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढले आणि कठड्याला धरून खोकत बसले. पुढं वरच्या मजल्यापर्यंत गेले. एक दिवस वर जाऊन, खाली येऊन, दम न लागता म्हणाले, "अगं, वरच्यांनी दाराला नवा रंग लावलाय, माहीत हाय का तुला?" कित्येक दिवसांनी ते मला आपण होऊन काहीतरी सांगत होते. मला फार आनंद झाला. सुजलेल्या माणसाची मला भीती वाटायची, रात्री त्याचा श्वास ऐकत मी जागी राहायची. हा काडीसारखा माणूस माझा होता.

त्यांना स्वतःला मात्र तो आवडत नव्हता. आरसा बघायचे नाहीत. फाउंड्रीतले दोस्त भेटायला आले की चादर गळ्यापर्यंत ओढून बसायचे. आणि तपासणी जवळ आली तसा त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. "कंपनीच्या कार्डावर माझं भरतीच्या वेळचं वजन हाय. काट्यावर उभा राहिलो की डॉक्टर ते बघणार, हे बघणार, आणि संपला कारभार." मी म्हणायची, "पुण्याचे डॉक्टर बोलणार आहेत ना त्यांच्याशी?" ते हात झटकायचे.

तपासणीच्या दिवशी सकाळी फाउंड्रीतले दोघे जण त्यांना न्यायला आले. दोघेही भली माणसं. आजारपणभर त्यांनी आम्हाला जेवढी मदत केली तेवढी नातलगांनी केली नाही. मी ह्यांना मापात चहा दिला, एक पोळी दिली. सासूबाईंनी अंगारा लावला. हे चालत बसथांब्याकडे गेले, कुणाचा हात न धरता. मी गॅलरीतून बघत होते. पास होणार, असं मला पक्कं वाटलं. मी शिलाई मशीनवर बसून दोन ब्लाउज शिवून टाकले.

कंपनीच्या गेटवर काय घडलं ते मला त्या दोघांपैकी एकानं नंतर सांगितलं. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांत भरतीची एक रीत होती. गावाकडून आलेली पोरं हडकुळी असायची, वजनात बसायची नाहीत. मग वैद्यकीय तपासणीच्या आधी त्यांनी गेटवरच्या गाडीवर डझनभर केळी खायची आणि नळाला तोंड लावून पोटाला तडस लागेस्तोवर पाणी प्यायचं. तसंच काट्यावर जाऊन उभं राहायचं. बासष्ट साली निम्मी फाउंड्री अशीच भरती झाली होती, आणि त्यांत हेही होते. केळीवाल्यांचा तर तो धंदाच होता. दोस्तांना ह्यांचा हाडांचा सापळा बघवला नाही. त्यांतला एक म्हणाला, "राव, भरतीला खाल्ली तशी खा की. किलो-दोन किलो तरी चढंल." त्यांनी मनापासून, हौसेनं केळी घेतली आणि सोलून सोलून हातात दिली.

केळं ह्या आजारात विष असतं. त्यातला क्षार शरीराबाहेर पडत नाही, तो हातापायांची ताकद काढून घेतो आणि हृदय बंद पाडतो. हे दोस्तांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. ह्यांना माहीत होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं आम्हाला ते इतक्यांदा बजावलं होतं की आमच्या घरात केळ्याचं नावसुद्धा निघत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी होती. एका दिवसाचं काय, उद्या सगळं धुऊन निघेल, असा त्यांनी हिशेब केला. केळी खाल्ली, वर नळाचं पाणी प्याले. किती, ते त्या दोस्ताला सांगता आलं नाही. तो रडत होता.

तपासणीला आत नेईपर्यंत बराच वेळ गेला. बाकड्यावर बसून राहावं लागलं. दुपारी मला निरोप आला तेव्हा हे पुण्याच्या दवाखान्यात पोचलेले होते, कंपनीच्याच गाडीनं. त्यांना अनफिट ठरवलं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. पुन्हा एकदा तपासा म्हणून युनियनवाले साहेबांना भेटून आले, पण झालेली तपासणी बदलली नाही. कंपनीनं आणखी काही महिने खर्च केला आणि थांबवला. त्यात कुणी आमच्याशी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. आठवड्यात दोनदा होतं ते एकदा झालं, मग तेही चुकायला लागलं. आवरलेलं पाणी परत भरत गेलं. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा पुन्हा गोल झाला होता, आणि भेटायला आलेल्या एका बाईनं मला सांगितलं की आता जरा बरे दिसतात. तिला मी चहासुद्धा विचारला नाही. ते गेले तेव्हा सासूबाई मला धरून रडल्या.

पण त्या दुपारी मी पुण्याला पोचले तेव्हा ते वाचलेले होते. मशीन चालू होतं, छातीवर तारा लावलेल्या होत्या, तरुण डॉक्टर रागावून मशीनजवळ उभे होते. मी कॉटजवळ बसले. ह्यांनी बऱ्याच वेळानं डोळे उघडले. मी काही विचारायच्या आत स्वतःच सांगायला लागले, अगदी शांतपणे, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं.

कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना बघताच खुर्ची दिली होती. पुण्याहून फोन आला आहे, म्हणाले. वजन कमी झालंय ते चांगल्यासाठीच झालंय असं तुमचे डॉक्टर सांगत होते, तेव्हा वजनाचं राहू द्या. एवढा एक जिना चढून वर जा आणि खाली या. तेवढं जमलं तर स्टोअरमध्ये बसून करायचं काम देतो. जिना आमच्या चाळीतल्या जिन्यापेक्षा लहान होता. हे निम्म्यात पोचले आणि पाय उचलेनात. पोटात पाणी, वर श्वास पुरेना, मांड्या लाकडाच्या झालेल्या. ते पायरीवर बसले, आणि उठता आलं नाही.

एवढं सांगून ते माझ्याकडे वळले. मग माझा हात धरून म्हणाले, "अगं, काट्यावर उभंच केलं न्हाई मला."